एफपीव्ही ड्रोन उडवायला शिकायचंय? साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर उसाला पाणी देणाऱ्या पाच आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरी उघडायच्या आणि सकाळी दुकान उघडण्याआधी अंगठ्याएवढ्या मोटरींचं ड्रोन माळावर उडवायचं, असं गेली काही वर्षं चाललंय. दुकानात येणारी पोरं, त्यांचे आईवडील, लग्नाचे फोटोग्राफर, शेतकरी सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं की वाईट वाटतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

एफपीव्ही म्हणजे काय? लग्नात उडवतात तो ड्रोन वेगळा असतो का?

हो, बराच वेगळा. लग्नातला ड्रोन जीपीएस आणि सेन्सरच्या जोरावर हवेत आपोआप थांबतो. रिमोटच्या काड्या सोडल्या तरी जागेवर उभा राहतो. एफपीव्हीत ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो, त्याचं चित्र थेट तुमच्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये येतं आणि तुम्ही आत बसल्यासारखे उडवता. नाव त्यावरूनच पडलंय: फर्स्ट पर्सन व्ह्यू.

खरा फरक मात्र हातात आहे. एफपीव्ही उडवणारे बहुतेक जण ‘अ‍ॅक्रो’ मोडमध्ये उडवतात. त्यात ड्रोन स्वतःहून सपाट होत नाही. तुम्ही तो वीस अंश पुढे झुकवला आणि काडी मध्यावर सोडली, तर तो वीस अंश झुकलेलाच राहतो. उलटा केला तर उलटाच. उंची राखायची तीही तुमच्याच थ्रॉटलने. म्हणून पहिल्या दिवशी हे कुणालाच जमत नाही, आणि जमायला लागल्यावर जी मोकळीक मिळते ती दुसऱ्या कुठल्या ड्रोनवर मिळत नाही.

सुरुवात नेमकी कशाने करायची?

रिमोटने. ड्रोन नाही, गॉगल नाही, फक्त चांगला रिमोट, म्हणजे ज्याला आम्ही रेडिओ म्हणतो. हा रेडिओ यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडला की जॉयस्टिकसारखा चालतो. मग सिम्युलेटर घ्यायचा. वेलोसिड्रोन, लिफ्टऑफ, एफपीव्ही फ्रीरायडर हे नेहमीचे. फ्रीरायडर अगदी साध्या लॅपटॉपवरही चालतो. लिफ्टऑफला बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड लागतं.

मी सगळ्यांना एकच अट घालतो: सिम्युलेटरवर वीस तास झाल्याशिवाय ड्रोनचे पैसे खर्च करायचे नाहीत. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर महिनाभर लागतो. पहिले चार-पाच दिवस फक्त एका उंचीवर तरंगत राहायचं. मग सरळ पुढे जायचं आणि थांबायचं. मग डावीकडून आठचा आकडा, उजवीकडून आठचा आकडा. वळताना डाव्या काडीने नाक फिरवायचं आणि उजव्या काडीने अंग झुकवायचं, हे दोन्ही एकाच वेळी करायचं असतं, आणि मेंदूला ते पटायला वेळ लागतो. सायकल शिकताना आधी तोल जातो आणि एक दिवस अचानक जात नाही, तसंच इथेही होतं. तो दिवस सिम्युलेटरवर उजाडू द्या. तिथे पडलं की एक बटण दाबून पुन्हा उडता येतं. माळावर पडलं की पंखे, हात मोडलेली फ्रेम आणि आठवडाभर कुरिअरची वाट.

आणखी एक. सिम्युलेटरवर मन रमलं नाही तर खुशाल सोडून द्या. रेडिओ विकला जातो, नुकसान फारसं होत नाही. पोरांनी आधी पन्नास हजारांचा सेट घेतलेला आणि तीन महिन्यांनी तो माळ्यावर ठेवलेला मी पाहिलाय, फार वाईट वाटतं.

घरी लॅपटॉप नाही. मोबाइलवर चालेल का?

फ्रीरायडर मोबाइलवर चालतो. ओटीजी केबलने रेडिओ जोडायचा. बोटांनी स्क्रीनवर उडवायचा सराव मात्र करू नका, त्याचा काडीशी काही संबंध नाही.

पहिला ड्रोन कोणता घ्यावा?

‘टायनी वूप’. तळहातात मावणारा, पंख्यांभोवती प्लॅस्टिकची कडी असलेला, एका मोटरीपासून तिरप्या समोरच्या मोटरीपर्यंत ६५ किंवा ७५ मिलिमीटर. बॅटरीसकट वजन तीसेक ग्रॅम. घरात उडतो, भिंतीला आपटला तरी काही होत नाही, कुणाच्या अंगाला लागला तरी इजा होत नाही. एका बॅटरीवर तीन-चार मिनिटं उडतो.

पाच इंची पंख्यांचा मोठा ड्रोन सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. त्याचं वजन बॅटरीसकट सहाशे-सातशे ग्रॅम आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. माझ्या धंद्यातलं गणित सांगतो. मोटरीवर १९०० केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९०० फेरे. सहा सेलची पूर्ण भरलेली बॅटरी २५.२ व्होल्टची. गुणाकार केला तर बिनलोडचे मिनिटाला जवळपास ४८,००० फेरे होतात. पंखा लावल्यावर ते कमी होतात, पण विहिरीवरची आपली मोटर २,९०० च्या आसपास फिरते हे ध्यानात घ्या. तो पंखा बोटाला लागला तर टाके पडतात, डोळ्याला लागला तर डोळा जातो. हा ड्रोन दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

एकूण खर्च किती येतो?

भाव हलत असतात, पण साधारण अंदाज असा. रेडिओ पाच ते आठ हजार. वूपचे सुटे भाग दहा-तेरा हजार. साधा बॉक्स गॉगल आठ ते अकरा हजार. पाच-सहा छोट्या बॅटऱ्या आणि चार्जर मिळून तीन-चार हजार. म्हणजे तीस-पस्तीस हजारांत माणूस खऱ्या अर्थाने उडायला लागतो. डिजिटल गॉगल घ्यायचा म्हटलं तर एवढे पैसे नुसत्या गॉगललाच लागतील.

दर महिन्याचा खर्चही धरा. पंखे, बॅटऱ्या, तुटलेल्या अँटेना. हा शौक एकदा पैसे घालून संपत नाही.

तयार ड्रोन परदेशातून मागवता येईल का?

नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. पूर्ण जोडलेला असो की खोलून पाठवलेला सेट असो, दोन्ही बंद. संशोधन, संरक्षण अशा कामांसाठी सवलत आहे, ती आपल्यासाठी नाही. सुट्या भागांवर मात्र बंदी नाही. म्हणून फ्रेम, मोटरी, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू असलेला बोर्ड), कॅमेरा हे भारतातल्या विक्रेत्यांकडून बिलासकट घ्यायचं आणि आपण जोडायचं. हत्यारं आणि किरकोळ सामान मी पुण्याला तपकीर गल्लीतून आणतो. सोल्डर, फ्लक्स, श्रिंक ट्यूब, बारीक पान्हे सगळं एका फेरीत मिळतं.

जोडायला लागतंय याचं मला वाईट वाटत नाही. ज्याने स्वतः जोडला तो पडल्यावर स्वतः दुरुस्त करतो, आणि या शौकात दुरुस्ती उडवण्याइतकीच करावी लागते.

सोल्डरिंग येत नाही. मग?

शिका, आठवड्यात येतं. साठ वॅटचं तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न, ६३-३७ चं सोल्डर आणि फ्लक्स घ्या. आधी जुन्या ट्रान्झिस्टरच्या बोर्डावर वायरी लावा, काढा, पुन्हा लावा. चांगला जोड चकचकीत आणि पसरट दिसतो. गोळा होऊन बसलेला, मळकट जोड कच्चा. बॅटरीच्या जाड वायरीला उष्णता जास्त लागते, तिथे नवशिके घाई करतात आणि जोड आतून सुटा राहतो.

पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये ‘स्मोक स्टॉपर’ लावायचाच. कुठे शॉर्ट असेल तर तो करंट अडवतो आणि तुमचे आठ हजारांचे बोर्ड वाचतात. जुन्या पद्धतीने वायरीत बल्ब घालूनही हेच करता येतं. रिवाइंडिंग केलेली मोटर आम्ही सिरीज बल्बवर तपासतो, तत्त्व तेच आहे.

आणि टेबलावर ड्रोन असताना पंखे काढलेले असले पाहिजेत. सेटिंग एकच मिनिट बदलायचंय, कशाला काढायचे, असा विचार मनात आला की हात थांबवा. बीटाफ्लाइटमध्ये, म्हणजे ड्रोनचं सेटिंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोटर तपासताना चुकून स्लायडर सरकला तर ड्रोन टेबलावरून थेट तुमच्या तोंडावर येतो.

अ‍ॅनालॉग की डिजिटल?

अ‍ॅनालॉगचं चित्र जुन्या अँटेनावाल्या टीव्हीसारखं, मुंग्यामुंग्यांचं. पण ते स्वस्त असतं, हलकं असतं आणि सिग्नल कमी व्हायला लागला की मुंग्या वाढत जाऊन आधीच इशारा मिळतो. डीजेआय, वॉकस्नेल, एचडीझीरो यांचं डिजिटल चित्र स्वच्छ असतं, पैसे त्या मानाने जातात. शिकायला अ‍ॅनालॉग पुरतं. ज्याला पुढे शूटिंगच करायचंय आणि पैशांची अडचण नाही त्याने थेट डिजिटल घेतलं तरी माझी हरकत नाही.

रेडिओची लिंक, म्हणजे रिमोट आणि ड्रोनमधला दुवा, मात्र २.४ गिगाहर्ट्झची एक्सप्रेसएलआरएस नावाचीच घ्या. ९१५ मेगाहर्ट्झवाली स्वस्तात मिळाली तरी नको, आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे.

बॅटरीचा स्फोट होतो म्हणतात, खरं आहे का?

लिथियम पॉलिमर बॅटरी पेट घेते हे खरं आहे, आणि पेटली की विझवणं अवघड असतं. पण ती उगाच पेटत नाही. जास्त चार्ज केली, खिळा-दगड घुसला, शॉर्ट झाली किंवा फुगलेली असूनही वापरली तर पेटते. म्हणजे बहुतेक वेळा ते आपल्या हातात असतं.

आकडे पाठ करा. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. उडवताना ३.५ च्या आसपास आला की उतरायचं. खाली ३ व्होल्टपर्यंत नेलं तर सेल कायमचा खराब होतो. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवली की ती फुगायला लागते, आणि रविवारी उडवू म्हणून शनिवारी भरलेल्या बॅटऱ्या पावसामुळे तशाच राहिल्या असं आपल्याकडे फार होतं. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतो, तो त्यासाठीच आहे.

चार्जिंग १ सी ने करा, म्हणजे १३०० एमएएचच्या बॅटरीला १.३ अँपिअर. सहा सेलच्या बॅटरीला बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असलेली बारीक वायर) लावल्याशिवाय चार्ज करू नका. मी वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून, दुकानाच्या फरशीवर, डोळ्यांसमोर चार्ज करतो. रात्री लावून झोपणं नाही, गादीवर नाही, देवघराशेजारच्या सागवानी कपाटावर तर नाहीच. पडलेल्या ड्रोनची बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. अर्धा तास उघड्यावर दगडावर ठेवून बघा.

फुगलेली बॅटरी टाकून द्यायची तर आधी पूर्ण रिकामी करा. सहा सेलच्या बॅटरीला ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लावला की उघड्यावर हळूहळू उतरते. मग ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकू नका. ती गाडी दाबून कचरा भरते आणि आत बसलेल्या माणसाला काहीच कल्पना नसते.

लायसन्स लागतं का?

२०२१ च्या ड्रोन नियमांत वजनावरून प्रकार ठरवलेत. सगळं धरून २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोला, धंद्यासाठी वापरत नसाल तर, लागत नाही. पैसे घेऊन शूटिंग केलंत की ते धंद्यात मोडतं, मग वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण असं सगळं आलं.

ड्रोनची नोंदणी करून युनिक नंबर घेण्याची तरतूद नियमांत आहे. टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे त्या प्रकारच्या ड्रोनला घ्यायच्या मान्यतापत्रातून, नॅनोला आणि केवळ शौकासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला सूट आहे. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नॅनो सोडून बाकीच्यांना सांगितलाय. नियमभंगाला एक लाखापर्यंत दंड आहे. वूप तीस ग्रॅमचा असतो, म्हणून नवख्या माणसाला मी वूप सांगतो, त्याचं हेही एक कारण.

सरकारचा हवाई नकाशा ऑनलाइन आहे. त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगी न घेता उडवता येतं. पिवळ्यात परवानगी लागते, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. नकाशा बदलत असतो. मागच्या महिन्यात बघितला होता हे कारण चालत नाही, निघायच्या आधी पुन्हा बघा. कराडला विमानतळ आहे हे तिकडच्या मुलांनी खास लक्षात ठेवावं.

साताऱ्यात कुठे उडवावं? कासला चालेल का?

कासला नको. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, व्यवस्था वनखात्याची. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांसाठी एवढी माणसं येतात की मोकळी जागा उरत नाही. ड्रोन फुलांत पडला तर तो शोधायला तुम्ही आत शिरणार, आणि तुमच्या बुटाखाली काय चिरडलं ते तुम्हाला कळणारही नाही. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड इथेही परवानगीशिवाय नाही. कोयना धरणाच्या आणि अभयारण्याच्या आसपास तर बॅगेतूनही काढू नका.

ठोसेघरच्या धबधब्यात उडी घेणारा शॉट प्रत्येकाला हवा असतो. पण तिथल्या कड्यांना आग्या मोहोळ असतात. ड्रोनच्या आवाजाने ती उठली तर तुम्ही गॉगल लावून बसलेले, आणि माश्या रेलिंगला उभ्या असलेल्या बायकापोरांवर जाणार. सह्याद्रीतल्या कुठल्याही उघड्या कड्याजवळ हा धोका धरायचाच.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार मोकळं दिसतं म्हणून पोरं जातात. तिथे पवनचक्क्या उभारल्यात त्या वाऱ्यासाठीच, हे विसरू नका. वूप तर तिथे सरळ खाली दरीत जातो.

मग कुठे? ओळखीच्या माणसाचं तुटलेल्या उसाचं रान, पेरणीच्या आधीचं वावर, गावाबाहेरचा माळ. माण-खटावकडे दहिवडी, वडूजच्या बाजूला असे माळ भरपूर आहेत. मालकाला आधी विचारायचं. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. नऊनंतर ऊन तापलं की वारा सुटतो, दुपारी पश्चिमेकडून जोरात येतो. आणि उडायच्या आधी पायी एक चक्कर मारून विजेच्या तारा कुठून कुठे गेल्यात ते बघा. कॅमेऱ्यात तार दिसत नाही. खांब दिसतो, म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं समजून त्यामधून जायचं नाही.

घार मागे लागली तर तिच्याशी खेळू नका, लगेच खाली उतरा. जखमी घार परत उडेलच असं नाही.

एकट्याने उडवलं तर काय होतं?

गॉगल लावल्यावर तुम्हाला ड्रोनपुढचं दिसतं, पण तुमच्या पाठीमागून येणारा बैल, सायकलवरचं पोर, माळावरून मेंढरं घेऊन निघालेला धनगर यातलं काही दिसत नाही. शौकासाठी दिलेली सूट ड्रोन नजरेच्या टप्प्यात असेल तरच आहे, आणि तुमची नजर तर गॉगलमध्ये अडकलेली. म्हणून उघड्या डोळ्यांनी ड्रोन बघणारा एक सोबती शेजारी उभा पाहिजे.

सोबती म्हणजे गंमत बघायला आलेला मित्र नव्हे. त्याने मोबाइल खिशात ठेवायचा. ‘माणूस आला’, ‘डावीकडे घार’, ‘उतर’ असं तुटक, मोठ्याने बोलायचं. आणि तो ‘उतर’ म्हणाला की प्रश्न न विचारता उतरायचं. माझा सोबती माझा मेहुणा आहे. त्याला ड्रोनमधलं ओ की ठो कळत नाही, पण नजर तीक्ष्ण आहे आणि तो माझ्या शब्दाला भीत नाही. मला त्याच्याइतका चांगला सोबती मिळाला नाही.

गावात लोक हरकत घेतात. काय सांगायचं?

त्यांची बाजू आधी समजून घ्या. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी माणसं काठ्या घेऊन जागली. चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली होती. नदीवर बायका धुणं धुतात, गच्चीवर घरातल्या मुली असतात, त्यांच्यावरून कॅमेरा गेला तर कुणालाही राग येईल.

मी नव्या गावात गेलो की आधी पोलीस पाटलांना फोन करतो, जमिनीच्या मालकाला भेटतो आणि येतील त्या माणसांना गॉगलमधून बघायला देतो. गॉगल डोळ्याला लावलेल्या म्हाताऱ्या तात्यांना आपलंच वावर वरून दिसलं की चेहरा बघण्यासारखा होतो. त्यानंतर हरकत राहत नाही, उलट चहा येतो. रात्री उडवायचं नाही, आणि घरांवरून कधीच नाही.

ड्रोन उसात पडला. शोधायचा कसा?

हा प्रश्न बहुधा आपल्याच भागात विचारला जात असेल. दहा फूट उंच ऊस, आत हात पुढे केला तरी दिसत नाही, पाचटाने गाल कापतो आणि खाली घोणस असू शकते. शिवाय ओल्या उसात सिग्नल लगेच दबतो.

पडल्याबरोबर डिसआर्म करा, म्हणजे मोटरी बंद करा, पण बॅटरी जोडलेली आहे तोवर रेडिओ बंद करू नका. जागेवरून हलू नका. सोबत्याला ड्रोन जिथे दिसेनासा झाला त्या दिशेला बोट धरून उभं राहायला सांगा, आणि त्या दिशेला लांबचं एखादं झाड किंवा खांब खुणेला धरा. मग गॉगलमधलं रेकॉर्डिंग लावून शेवटची दहा सेकंद हळूहळू बघा. कुठली सरी, बांधापासून किती, शेजारी आंब्याचं झाड होतं का. बहुतेक वेळा जागा इथेच सापडते. त्यानंतर रेडिओवरून बीपर वाजवा. बीपर नसेल तर बीटाफ्लाइटमध्ये मोटरीच आवाज काढतील अशी सोय आहे, ती आधीच चालू करून ठेवावी लागते. आपटल्यावर बॅटरी निघून पडते, म्हणून स्वतःची छोटी बॅटरी असलेला बीपर मिळतो तो घ्या. हजार-बाराशे रुपये जातात, पण उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे. शेवटी आत शिरताना मालकाला सांगून, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून, काठीने आवाज करत जा.

माझा पहिला पाच इंची असाच गेला. सिग्नल तुटला आणि तो पडायच्या ऐवजी आहे त्याच थ्रॉटलवर पुढे जात राहिला, कारण मी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटरी थांबवणारी सोय, तपासला नव्हता. तीन दिवस शोधला. ऊसतोड सुरू झाल्यावर टोळीतल्या एका बाईला सापडला, तोवर पावसाने सगळं संपलं होतं. तो माणसांच्या दिशेला गेला असता तर, या विचाराने मला बरेच दिवस झोप नव्हती. आता प्रत्येक नव्या ड्रोनवर पंखे काढून, आर्म करून, रेडिओ बंद करतो. मोटरी क्षणात थांबल्या तरच पंखे लावतो. तुम्हीही करा.

बैलगाडा शर्यतीचं एफपीव्ही शूटिंग कर म्हणून मित्र मागे लागलेत.

नको म्हणा. बैल बुजला तर गाडीवानाचा जीव जातो आणि बैल कडेच्या गर्दीत घुसतात. बावधनच्या बगाडालाही नको, लोणंद-फलटणकडे माउलींची पालखी येते तिथे वारकऱ्यांच्या डोक्यावरूनही नको. गर्दीवरून मोठा ड्रोन नेण्याइतका भरवसा मला अजून माझ्या हातांचा नाही.

त्याच मित्रांना सकाळी मोकळ्या माळावर बोलवा. बैल नसलेल्या रिकाम्या धावपट्टीवरून, जमिनीपासून हातभर उंचीवर वूप नेऊन दाखवा. वेग तेवढाच भासतो.

आमचा मुलगा नववीत आहे. अभ्यासावर परिणाम होईल का?

वेळेचं तुम्ही आणि तो ठरवा. एवढं सांगू शकतो की व्होल्ट, अँपिअर, टॉर्क, अँटेना हे शब्द पुस्तकात वाचणं आणि हातातल्या वस्तूत बघणं यात फार फरक पडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला ओहमचा नियम वर्गात समजत नव्हता, जळालेल्या वायरीने समजला. वूपपर्यंत मुलांना मोकळं सोडा. चार्जिंग मात्र मोठ्या माणसासमोरच.

गॉगल लावला की गरगरतं. चष्मा असला तर?

पहिले काही दिवस खुर्चीवर बसून उडवा, पाच मिनिटांनी गॉगल काढा. आठवड्या-दोन आठवड्यांत सवय होते. चष्म्यावर बॉक्स गॉगल बहुधा बसतो. लहान गॉगलना नंबरची भिंग लावता येते.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर उडवणं जवळजवळ बंदच. घाटमाथ्याकडे धुकं, खाली चिखल, आणि ओलसर बोर्ड नंतर कधीतरी हवेत दगा देतो. हे चार महिने सिम्युलेटरचे आणि वूपचे. आषाढात लग्नं नसल्याने मंगल कार्यालयं रिकामी असतात. मालकाला विनंती केली की एखाद्या दुपारी हॉल मिळतो. खुर्च्यांच्या रांगांमधून, टेबलाखालून, स्टेजच्या कमानीतून वूप काढायचा. बाहेर पाऊस कोसळत असताना चार पोरं आळीपाळीने उडवतात आणि ज्याची पाळी नाही तो सोबती म्हणून उभा राहतो.

मोठ्या ड्रोनचे स्क्रू याच दिवसांत काढून पुन्हा बसवा, मोटरीत अडकलेली माती ब्रशने झाडा, बेअरिंग बोटाने फिरवून बघा. बॅटऱ्या ३.८ वर आणून ठेवा, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज तपासा.